श्वेतेतर मुख्याध्यापकांचा आधारगट कसा उभारावा

अमेरिकेत २०१७-१८ मध्ये सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांपैकी सुमारे ७८ टक्के गोरे, ११ टक्के कृष्णवर्णीय आणि ९ टक्के हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) होते. त्यामुळे श्वेतेतर मुख्याध्यापकाला डिस्ट्रिक्टच्या (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या प्रशासकीय विभागाच्या) बैठकीत आपल्यासारखे कोणी भेटेलच असे नाही. या एकटेपणाला इतिहासही आहे: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालानंतर दक्षिणेकडील राज्यांत या शाळा एकत्र होताना अनेक कृष्णवर्णीय मुख्याध्यापकांची पदे गेली.

गटात पाच-सहा जण, शक्यतो वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमधले घ्यावेत, कारण ज्याच्या हाती आपले मूल्यमापन आहे त्याच्यासमोर कोणी मोकळे बोलत नाही. महिन्यातून एकदा दीड तास पुरे.

प्रत्येक बैठकीत एकानेच आपला पेच मांडावा. उदाहरणार्थ, शिस्तभंगाच्या शिक्षा कृष्णवर्णीय मुलांनाच अधिक होतात हे आकड्यांनिशी दाखवल्यावर ज्येष्ठ शिक्षक दुखावले, तर पुढे काय करावे. इतरांनी आधी केवळ वस्तुस्थितीविषयी आणि मग विचाराला चालना देणारे प्रश्न विचारावेत. त्यानंतर पेच मांडणाऱ्याने दहा-पंधरा मिनिटे गप्प राहून इतरांची चर्चा नुसती ऐकावी. हे मौन अवघड जाते, आणि सल्ला देण्याची घाई आवरणे त्याहून अवघड (मुख्याध्यापकांना तर ती सवयच असते). शेवटी पुढचे एक पाऊल त्याने स्वतः ठरवावे व पुढील बैठकीत त्याचा हिशेब द्यावा.

गोपनीयतेचा नियम लेखी असावा. वेळ आणि प्रवासखर्च डिस्ट्रिक्टकडे जरूर मागावा, मात्र चर्चेचे इतिवृत्त देऊ नये.