पाचवीला हवी ती शाळा मिळाली नाही? दाखला काढायची घाई करू नका, या चुका टाळा

ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात मी बावीस वर्षं लिपिक होते. एप्रिल उजाडला की आमच्या खिडकीपुढे पाचवीच्या प्रवेशासाठी रांग लागायची. आपल्याकडे चौथीपर्यंतच्या शाळा पुष्कळ आहेत आणि बऱ्याच संस्थांचा माध्यमिक विभाग पाचवीपासून सुरू होतो. संस्थेच्या स्वतःच्या प्राथमिकमधली मुलं आधी वर येतात, उरलेल्या थोड्या जागांवर बाहेरच्यांचा नंबर. तो लागला नाही की घरात सुतक पडल्यासारखं होतं, हे मी रोज पाहिलंय. पण मुलाचं नुकसान बहुतेक वेळा नंबर न लागल्यानं झालं नाही. ते पुढच्या आठ-दहा दिवसांत मोठ्यांनी केलेल्या धावपळीनं झालं.

आधी दाखला, मग शाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'तिकडे नक्की होणार आहे' असं कुणीतरी सांगतं, पालक जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढून मोकळे होतात आणि मे महिन्याच्या शेवटी हातात नुसता कागद उरतो. दाखला निघाला की जनरल रजिस्टरमधून मुलाचं नाव कमी होतं. जुनी शाळा सातवीपर्यंत किंवा दहावीपर्यंत असेल, तर नव्या शाळेनं प्रवेश दिल्याचं लेखी हातात येईपर्यंत दाखल्याला हात लावू नका. ती जागा मुलाची हक्काची आहे.

'दाखला आणल्याशिवाय अर्जच घेणार नाही' असं कुणी म्हणालं तर शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम ५ लक्षात ठेवा. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना आठवीपर्यंत 'दाखला उशिरा आला' या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीही मागितल्यावर तो लगेच द्यायचा असतो.

दाखला घ्याल तेव्हा तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, जात, जन्मस्थळ. आधार कार्डावरचं आणि दाखल्यावरचं स्पेलिंग एक आहे का, तेही पाहा. मूल शाळेत असताना दुरुस्ती करून घेणं सोपं असतं. शाळा सुटल्यावर त्याच एका अक्षरासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत हेलपाटे घालणारे पालक मी पाहिले आहेत, तेही मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर असताना. आणि हल्ली कागद हातात आला म्हणून काम संपत नाही. मुलाची ऑनलाइन नोंदही नव्या शाळेकडे जावी लागते, त्यासाठी जुन्या शाळेची मंजुरी लागते. ती झाली का, हे जुलैत एकदा दोन्हीकडे विचारा.

प्रतीक्षा यादीच्या भरवशावर बसणं, किंवा ती सोडूनच देणं

दोन्ही टोकं चुकीची. प्रतीक्षा यादी जूनमध्ये खरोखर हलते. एकाच मुलासाठी तीन-चार शाळांत अर्ज केलेले असतात, कुणाची बदली होते, कुणी कळव्यातून डोंबिवलीला राहायला जातं. म्हणून यादीत नाव ठेवा, क्रमांक लेखी मागा, आणि सुरू असलेलाच मोबाइल नंबर द्या. आम्ही फोन करायचो आणि पलीकडून 'हा नंबर अस्तित्वात नाही' ऐकू यायचं, तेव्हा वाईट वाटायचं. पण त्याच वेळी दुसऱ्या शाळेत प्रवेश पक्का करून ठेवा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. जूनपर्यंत थांबून मग सीबीएसईकडे वळणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून मागचे दोन महिने भरून काढावे लागतात.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा ठाऊक नसते. अनुदानित शाळांची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मिळणार याचा हिशेब, ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर होतो. नौपाडा असो की वाशी, मराठी माध्यमाच्या कितीतरी चांगल्या शाळांना आज मुलं हवी आहेत. तिथे तुम्हाला दारात उभं राहावं लागणार नाही. तिथले शिक्षक तुम्हाला बसवून वर्ग दाखवतील. सेमी इंग्रजी आहे का, गणित आणि विज्ञान कोणत्या इयत्तेपासून इंग्रजीत आहे, हे विचारा. मोठ्या नावाच्या एका शाळेपायी अशा चार शाळा न बघताच सोडल्या जातात याचं मला आजही मनापासून दुःख होतं.

ओळख, पत्र आणि पाकीट

नगरसेवकाच्या पत्रानं वर्गात बाक वाढत नाही. आणि चहाच्या टपरीवर भेटून 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. डोनेशनच्या नावाखाली पैसे घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं धरून चाला.

आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. सोडत काढता येते. म्हणजे सोडतीत नंबर लागला नाही तो नशिबाचा भाग, त्यात मुलाच्या हुशारीचा संबंध नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांची आशाही पाचवीला धरू नका. त्या पहिलीला किंवा पूर्वप्राथमिकला, म्हणजे शाळेच्या पहिल्या पायरीलाच असतात.

घाईत कुठलीही शाळा धरणं

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतात. ठाण्याच्या यादीत दिव्यातल्या शाळा मोठ्या संख्येनं असतात. फी भरण्याआधी ती यादी बघा आणि शाळेला तिचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, विचारा. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण दंड त्याला होतो आणि दाखल्याची अडचण मुलाला येते.

अंतराचंही तसंच. नकाशात जवळ दिसणारं घोडबंदर रोडवर जवळ नसतं. सकाळी सातची शाळा असेल तर कासारवडवलीहून नौपाड्याला मूल किती वाजता उठणार, याचा हिशेब शाळेच्या वेळेला एकदा टीएमटीच्या बसनं जाऊन करा, रविवारी दुपारी गाडी काढून नव्हे.

महापालिकेच्या शाळेला नाक मुरडू नका, निदान एकदा आत जाऊन या. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ती सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला तिला बसताच येत नाही.

मुलासमोर बोलणं

एका वर्षी खिडकीपाशी एक आई फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, याला कुठेच घेत नाहीयेत." शेजारी तिचा मुलगा पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळत उभा होता. मी त्याला आत बोलावलं, अर्जांचा गठ्ठा दाखवला आणि म्हटलं, बाळा, एवढे अर्ज आणि जागा एवढ्याच, सोडतीत चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. त्यानं विचारलं, "म्हणजे माझे मार्क कमी नव्हते?" दोन महिने तो हेच धरून बसला होता. घरात कुणी त्याला सोडत म्हणजे काय ते सांगितलंच नव्हतं.

म्हणून त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या मुलाला कुठे मिळालं याची चर्चा त्याच्या कानावर पडू देऊ नका. जुने मित्र दुसरीकडे गेले असतील तर संध्याकाळचं खेळणं तुटू देऊ नका. शाळा उघडण्याआधी नव्या शाळेच्या फाटकापर्यंत एकदा चालत जाऊन या. आणि 'एक वर्ष काढ, पुढच्या वर्षी तिकडे घालू' असं म्हणू नका, नाहीतर ते मूल वर्षभर दप्तर न उघडता पाहुण्यासारखं बसून राहतं.

प्रतीक्षा यादीतून फोन ऑगस्टमध्ये आला तर होकार देण्याआधी त्याला विचारा. त्या बाटलीवाल्या मुलाच्या आईला मी जुलैच्या शेवटी फोन केला होता, जागा झाली म्हणून. ती म्हणाली, थांबा, विचारते. पलीकडून त्याचा आवाज आला, "आई, नको ना, मला इथे कबड्डीत घेतलंय." मी यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावला.