पाणी घालण्याआधी माती हातात घ्या

झाडाला पाणी किती घालू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, माती कसली आहे? "काळी", "लाल" एवढ्या उत्तरावर माझं भागत नाही. माती पाणी किती धरेल आणि किती लवकर सोडेल, हे तिच्या कणांवर आणि कणांमधल्या पोकळ्यांवर ठरतं. ते हाताला कळतं, म्हणून मी प्रत्येकाला माती मळायला लावते.

वरचा पालापाचोळा सारून वीतभर खोलीवरची मूठभर माती काढा. खडे, मुळं वेचून टाका आणि थेंब थेंब पाणी घालत ती कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि तर्जनीत दाबत तिची चपटी पट्टी पुढे सरकवत न्या. गोळाच वळत नसेल आणि बोटांना खरखर लागत असेल, तर माती रेताड. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण; अडीच ते पाचमध्ये तुटली तर चिकण पोयटा. त्याहून लांब गेली, तर हातात चिकणमाती आहे. घाई करू नका. कोरडे ढेकूळ फुटून नीट मळले जायला वेळ लागतो, आणि अर्धवट मळलेली चिकणमाती हमखास पोयट्यासारखी वागते.

वाळूचा कण ०.०५ ते २ मिलिमीटरचा असतो, चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. या दोहोंच्या मधला तो गाळाचा. वाळूतल्या पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी स्वतःच्या वजनाने खाली निथळतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. बारीक पोकळ्यांतलं पाणी मात्र कणांना धरून राहतं. चांगली भिजल्यानंतर रेताड जमीन तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी आत घेते, पोयटा १० ते २०, चिकणमाती जेमतेम १ ते ५. चिकणमातीवर जोरात पाणी सोडलं की ते वरून वाहून जातं, त्याचं कारण हेच. तिथे धार बारीक ठेवा, किंवा थोडं पाणी द्या, मुरू द्या, मग पुन्हा द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जास्त पाणी धरणारी माती झाडाला तितकंच जास्त पाणी देते, असं नाही. चिकणमातीतलं बरंचसं पाणी कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळांना ते ओढता येत नाही. पाणी ओढून घ्यायला लागणारा जोर, म्हणजे ताण, साधारण १५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) पुढे गेला की बहुतेक झाडं हात टेकतात. माती हाताला ओलसर लागते आणि पानं मात्र माना टाकतात. याउलट गाळ भरपूर असलेला पोयटा पाणी धरतोही आणि मुळांना देतोही. अशी जमीन मिळाली तर तिला जपा, ओली असताना तुडवू नका.

निचरा पाहायचा तर फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. तो एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि मोजपट्टी लावून तासाला पातळी किती उतरते ते मोजा. अडीच ते पाच सेंटिमीटर उतरली तर बहुतेक झाडांना चालतं. त्याहून कमी उतरली तर मुळं गुदमरण्याची भीती. दहाच्या पुढे गेली तर पाणी हातचं निसटतंय. पहिल्या भरण्यावर विश्वास ठेवू नका. भेगाळलेल्या चिकणमातीत पहिलं पाणी भेगांतून सर्रकन खाली जातं, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि खरा वेग दिसतो.

कुंडीच्या तळाशी खडी घालून निचरा सुधारतो, ही समजूत मला मनापासून मोडायची आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती तळाशी पाण्याने जवळजवळ पूर्ण भरल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे ओलीचा थर तसाच राहतो, फक्त खडीच्या उंचीइतका वर, मुळांच्या जवळ सरकतो. कुंडीत एकसारखं मिश्रण भरा आणि तळाची भोकं मोकळी ठेवा.

चिकणमातीत थोडी वाळू मिसळणंही टाळा. चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकते आणि सगळं आणखी घट्ट बसतं. फरक पडायला वाळू निम्म्याहून जास्त लागते, आणि तेवढी कुणी घालत नाही. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला. चिकणमातीत त्याने कणांचे दाणे बांधले जातात आणि दाण्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहतात. रेताड मातीत तेच खत पाणी धरतं. पण ते कुजून संपतं, म्हणून दरवर्षी घालावं लागतं. जिप्सम या खनिजाचा उपयोग मुख्यतः सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीत होतो. माती तपासल्याशिवाय ते टाकू नका.

पुढचं पाणी कधी द्यायचं? भरपूर भिजवल्यावर रेताड माती साधारण एका दिवसात वाफशावर येते, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून हवा आणि ओल दोन्ही राहतात; चिकणमाती दोन-तीन दिवस घेते. त्यानंतर रेताड जागी थोडं थोडं, पण वारंवार पाणी द्या. चिकणमातीत जास्त द्या, पण अंतराने. प्रत्येक वेळी वीतभर खालची माती मुठीत दाबून पाहा. वरचा थर सुकलेला दिसला तरी खाली गोळा वळत असेल, तर पोयट्यात आणखी थांबायला हरकत नाही. चिकणमातीत मात्र गोळा वळतो म्हणून निश्चिंत राहू नका, पानांकडेही बघा.