एमएलआयएसला अमेरिकेत येताय? आधी आय-२० वरचा कोड वाचा

ग्रंथालयशास्त्राच्या मास्टर्सला, म्हणजे एमएलआयएसला, मराठवाड्यातून येणारी मुलं-मुली थोडी, पण चुका ठरलेल्या. सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो.

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा जो आय-२० फॉर्म पाठवतं, त्याच्या पहिल्या पानावर अभ्यासक्रमाच्या नावापुढे सहा आकडी कोड असतो, त्याला सीआयपी कोड म्हणतात. तो २५.०१०१ असेल तर सरकारदरबारी तुमचा विषय ग्रंथालयशास्त्र, आणि तो स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत नाही. ११.०४०१ असेल तर माहितीशास्त्र, आणि ते यादीत आहे. पदवीचं नाव दोन्हीकडे एमएलआयएसच असू शकतं, विषयही बरेचसे तेच. पहिल्या कोडवर शिक्षणानंतर कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, १२ महिने. दुसऱ्यावर ती आणखी २४ महिने वाढवता येते.

इथल्या ग्रंथालयांची भरती बैलगाडीच्या चालीने होते. जाहिरात, समिती, व्हिडिओवर मुलाखत, मग कॅम्पसवर दिवसभराची मुलाखत, यात सहा महिने सहज जातात. ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत बेकार राहायची मुभा मात्र एकूण ९० दिवसांची. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी विभागाला एका ओळीची मेल टाका: ‘तुमच्या एमएलआयएसचा सीआयपी कोड काय?’ उत्तरात गोलगोल बोलले तर समजून जा. संभाजीनगर-लातूरच्या एजंटांच्या भरवशावर राहू नका, त्यांचं कमिशन कोडवर ठरत नाही. पुन्हा सांगतो: पैसे भरायच्या आधी विचारा, नंतर नाही.

अभ्यासक्रमाला एएलएची (अमेरिकन लायब्ररी असोसिएशन) मान्यता हवीच, नाहीतर बऱ्याच ठिकाणी नोकरीचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. सॅन होजे स्टेटसारख्या पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, मिळत नाही.

आता ‘डायव्हर्सिटी’. एएलएच्याच मोजणीत २००९-१० मध्ये पदवीधर ग्रंथपालांपैकी सुमारे ८८ टक्के गोरे होते. म्हणून माहितीपत्रकावर सावळे चेहरे छापतात आणि आपल्याला वाटतं, हे आपल्यासाठीच. तसं नाही. सरकारी आकडेवारीत व्हिसावरचे विद्यार्थी ‘अनिवासी’ या वेगळ्या रकान्यात जातात, वंशाच्या रकान्यात धरतच नाहीत. फोटोत तुम्ही वैविध्य, हिशेबात पूर्ण फी भरणारे परदेशी. अनेक शिष्यवृत्त्यांना नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची अट असते, ती ओळ सगळ्यात आधी शोधा. ग्रंथालयशास्त्रातल्या विद्यार्थी-भरतीला अमेरिकी केंद्र सरकारचा बराच पैसा आयएमएलएस या ग्रंथालयं-संग्रहालयांना निधी देणाऱ्या संस्थेकडून यायचा. मार्च २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात तिचीही छाटणी करायला सांगितलं गेलं, तेव्हा वेबसाइटवरच्या जुन्या योजना चालू आहेत असं धरून चालू नका.

खरा आधार असिस्टंटशिपचा, म्हणजे फीमाफी किंवा पगाराच्या बदल्यात विद्यापीठात अर्धवेळ कामाचा. फक्त विभागाला नको, विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या कॅटलॉगिंग, अभिलेखागार आणि संदर्भ विभागाच्या प्रमुखांनाही वेगवेगळं लिहा. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. होकार आला की तीन गोष्टी लेखी घ्या: फी पूर्ण माफ की अर्धी, स्टुडंट फी (शिकवणीच्या फीवरचे इतर आकार) त्यात धरली का, आरोग्य विमा कोण भरणार.

आपल्याकडची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि भारत सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, दोन्हींची जाहिरात आधी वाचा, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. भारत सरकारच्या योजनेत २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे विषय बाद आहेत. दलित चळवळीच्या कागदपत्रांचं अभिलेखागार हा विषय घेणाऱ्यांना त्याचा थेट फटका बसतो. नियम वाईटच आहे.

अर्जासोबत डायव्हर्सिटी स्टेटमेंट मागितलं तर ‘भारत विविधतेने नटलेला देश’ वगैरे लिहू नका. गावातल्या ‘ड’ वर्ग वाचनालयात वर्गणी कशी गोळा होते, अनुदान उशिरा आलं की वर्तमानपत्रं कशी बंद पडतात, मुली वाचनालयात का येत नाहीत, हे लिहा. मराठीबरोबर उर्दू वाचता येत असेल, मोडी येत असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात. निजामकाळाची कागदपत्रं घरात, कचेरीत पाहिलेला अर्जदार समितीपुढे रोज येत नाही. दक्षिण आशियाई संग्रह असलेल्या ग्रंथालयांना मराठी नोंदी करणारं माणूस लागतं, पण अशा जागा फार कमी, तेवढ्यावर विसंबू नका.

फॉर्मवर तुम्ही ‘एशियन’ असाल, पण इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हाच येतो. सांगायची सक्ती नाही. ‘ग्रंथपाल होऊन काय करणार, आयटीत घुसा’ हा सल्लाही तिथेच फुकट मिळतो. जातीवरून त्रास झाला तर गप्प बसू नका. कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट) विद्यापीठांनी २०२२ मध्ये आणि सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातभेदाला नियमाने बंदी केली. तुमच्या विद्यापीठाच्या धोरणात ‘कास्ट’ शब्द आहे का, तेही बघून ठेवा.

शेवटी कागद. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. पदवी-मूल्यांकन करणाऱ्या संस्था इथेच अडतात. स्पेलिंगमधला फरक गावी असतानाच दुरुस्त करून घ्या. बीए, बीलिब, एमलिब प्रत्येकाच्या ट्रान्सक्रिप्टचे चार-पाच सीलबंद संच परीक्षा विभागाच्या शिक्क्यासह सोबत आणा. एक लिफाफा जरी उघडला तरी तो संच बाद.