पहिली नोकरी शोधताना वही ठेवा

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखची. 2022 च्या जूनमध्ये बी.कॉम.चा निकाल लागला आणि पहिला पगार हातात पडला तो 2023 च्या सप्टेंबरात. मधल्या काळात काय फुकट गेलं आणि काय कामी आलं ते लिहिते आहे, कारण यंदा आमच्याच वाडीतल्या चार मुलांचे निकाल लागलेत आणि चौघंही मी केलं तेच करतायत: मोबाइलवर दिसेल त्या जाहिरातीला अर्ज टाकायचा आणि दिवसभर मेल उघडून बघत बसायचं.

आधी एक शंभर पानी वही आणा. प्रत्येक अर्जाला एक ओळ. तारीख, कुठं, कुणाकडून कळलं, कुणाशी बोललो, पुढं काय करायचं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. दहा दिवसांनी एक फोन, एकवीस दिवसांत काहीच हललं नाही तर ओळीवर काट मारायची आणि तिचा विचार सोडायचा. नकार आला तर माणूस दोन दिवस रडतो आणि उठतो. उत्तरच येत नाही तेव्हा मात्र मन तिथंच अडकून राहतं. त्यासाठी ती काट लागते.

मी वही सुरू केली तीच सहा महिने उशिरा. मेलमधले जुने अर्ज मोजले तर 137 निघाले. उत्तरं सहा. त्यांतली तीन विमा विकायची, पगार नाही, नुसतं कमिशन. दोघांनी पैसे मागितले. एकानं दोन वर्षांचा अनुभव हवा म्हणून कळवलं, आणि जाहिरातीत फ्रेशर असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तोवर मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे. हे आकडे एका पानावर मांडले आणि त्या रात्री मी मोबाइल सोडून दुसरी दारं ठोठवायचं ठरवलं.

पैसे मागणाऱ्या दोघांपैकी एकाला मी 1,850 रुपये भरले. ‘डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन, पहिल्या पगारात परत.’ आईनं काजूबी विकून बाजूला ठेवलेले पैसे होते ते. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. म्हणून कळवळून सांगते, नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. नोंदणी, ट्रेनिंग किट, डिपॉझिट, नाव काहीही असू दे. गेलेच पैसे तर लाजत बसू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. मी चार दिवस घरात कुणालाच बोलले नाही. आणि मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत घालायची.

सरकारी भरतीचे फॉर्म जरूर भरा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. 2023 ची तलाठी भरती आठवा. जागा 4,644, अर्ज दहा लाखांच्या वर, खुल्या गटाला फी 1,000 रुपये. मी वहीत भागाकार केला, एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं. अभ्यास करायचा तर सकाळचे तीन तास त्याला द्या आणि उरलेल्या दिवसात काम शोधा.

आता अनुभवाचं. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. हा फेरा मी तोडला तो देवरुखच्या बाजारपेठेतल्या एका खताच्या दुकानात. दुकानदार ओळखीचे. त्यांना म्हटलं, काका, तीन महिने तुमची बिलं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरते, येण्याजाण्याचा खर्च तेवढा द्या. बिलं एका बिस्किटाच्या डब्यात होती, निम्म्यांची शाई उडालेली. महिन्याच्या 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 (मागच्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरण), 20 च्या आत 3बी (त्याच महिन्याच्या कराचं विवरण), हे पुस्तकात वाचलं होतं. 9 तारखेला रात्री दोन बिलं सापडत नाहीत म्हणजे काय, ते त्या डब्यानं शिकवलं. शेवटी त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या. बायोडेटात आधी ‘टॅलीचे ज्ञान’ असं होतं. ते खोडून लिहिलं: ‘खतविक्री दुकानाची तीन महिन्यांची खरेदी-विक्री टॅलीत भरली, बँकेशी जुळवणी केली.’ तुम्ही आयटीआयचे असाल तर गावातल्या वेल्डरकडे, हॉटेलचा कोर्स केला असेल तर किनाऱ्यावरच्या एखाद्या घरगुती निवासाकडे असं काम मागा. मुदत मात्र तुम्हीच ठरवा, तीन महिने. फुकटातल्या कामाला मुदत नसली की ते संपत नाही.

हाच अनुभव पगार घेऊन मिळवायचे रस्तेही आहेत. अप्रेंटिसशिप आहे. 2024 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे: बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर. ते प्रशिक्षण आहे, कायमची नोकरी नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

घरच्यांचं निघालंच आहे तर सांगते. ‘काय गो, कुठं चिकटलीस का?’ हा प्रश्न विहिरीवर, एसटी स्टँडवर, लग्नात, सगळीकडे. तो मी सोसला. बाबांचं गप्प राहणं सोसवत नव्हतं. ते कलमांची राखण करतात. दिवसभर उन्हात असतात आणि मी पंख्याखाली मोबाइल घेऊन बसलेली दिसे. एका संध्याकाळी मी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी बोट ओलं करून एकेक पान उलटलं. इंग्रजी नावं वाचता येईनात तेव्हा नुसत्या तारखा वाचल्या. मग म्हणाले, ‘एवढ्या ठिकाणी गेलीस?’ दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीचे पैसे त्यांनी स्वतःहून काढून दिले. वही घरच्यांना दाखवा. बोलून समजावता येत नाही ते त्या ओळी समजावतात.

मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि मी आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जाऊ लागले, मिरजोळे एमआयडीसीत गेटोगेट. गेटवर जायची एक रीत आहे. शिफ्टच्या गर्दीत जाऊ नका, साडेदहानंतर जा. ‘जॉब आहे का?’ विचारलंत की ‘बायोडेटा ठेवून जा’ हेच उत्तर मिळतं आणि तो कागद ड्रॉवरमध्ये जातो. वॉचमनला नाव विचारा, आपलं सांगा, आणि विचारा: ऑफिसमधलं कुणी सोडून गेलंय का, कुणी लांब रजेवर आहे का? आत कोण आहे आणि कोण नाही, हे वॉचमनइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवरचे काका म्हणाले, ‘अकाउंटमधली ताई बाळंतपणाला जायची आहे. आता बोटी बंद आहेत, साहेब काही बघायचे नाहीत. जुलैच्या शेवटी ये.’ वहीत लिहिलं: 28 जुलै, परत.

मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, 1 ऑगस्टला बोटी सुटतात, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात धंद्याला माणसं लागतात. आपल्याकडच्या नोकऱ्या अशा हंगामाला बांधलेल्या असतात. आंबा कॅनिंगला विचारायचं तर मार्चमध्ये, कारखाना सुरू झाल्यावर नव्हे. गणपतीपुळे, दापोली, तारकर्लीच्या हॉटेलांना दिवाळीच्या आधी. सीएच्या ऑफिसात मेमध्ये, रिटर्नची गर्दी सुरू व्हायच्या आधी. केमिस्ट्रीवाल्यांना खेडजवळचं रसायन कारखान्यांचं लोटे. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना कुडाळ एमआयडीसी किंवा पलीकडचा गोवा.

28 जुलैला कोल्ड स्टोरेजच्या साहेबांनी एक चिठ्ठी पुढं सरकवली: बर्फाच्या लाद्या, डिझेल, क्रेट, रोख दिले. म्हणाले, एंट्री लिही. मी विचारलं, ‘याची बिलं आहेत की कच्चंच आहे?’ त्यांनी मान वर करून बघितलं. खताच्या दुकानातल्या डब्यामुळं तो प्रश्न तोंडून निघाला होता. 1 तारखेपासून ये म्हणाले.

मुंबईला जायचं असेल तर गणपतीत चाकरमान्यांना धरा, पण आल्या आल्या नको. गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर, परतीच्या गाडीआधी. ‘मला कुठं तरी लावा’ म्हणू नका. त्यांच्या कंपनीत माणसं कोण घेतं, आतल्या माणसाकडून बायोडेटा घेतात का, एवढंच विचारा आणि छापील बायोडेटा हातात द्या. पहिला पगार महिना भरल्यावर येतो, म्हणून दीड महिन्याचा खर्च जवळ असल्याशिवाय मुंबईकडच्या दिवा गाडीत बसू नका.

हो म्हणण्याआधी विचारा: हातात किती येणार, पीएफ कापून की धरून, कंपनीच्या नावावर की कंत्राटदाराच्या? पीएफ कापणार असतील तर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा तुमचा क्रमांक, मागा आणि दोन महिन्यांनी पासबुकात पैसे खरंच जमा होतायत का बघा. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचंही (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) विचारा. हे विचारल्यानं नोकरी जात नाही. मी पहिल्यांदा घाबरून विचारलं नाही, आणि पहिल्या स्लिपवर कापलेली रक्कम बघून रात्रभर जागी राहिले.

नोकरी लागली तरी वही टाकू नका. मी बाळंतपणाला गेलेल्या ताईच्या जागी तात्पुरती होते. फेब्रुवारीत ती ताई परत आली आणि माझं काम संपलं. मी तीच वही उघडली, काट मारलेल्या ओळी सोडून बाकीच्या गेटांवर परत गेले. तिसऱ्या गेटवरच्या वॉचमननं आधी ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर म्हणाला, ‘मागल्या पावसात आलेली ती देवरुखची ना तुम्ही?’ आणि आत फोन लावला.