शाळेत पाऊस मोजायचा तर: एक कॅन, एक नरसाळं आणि एक वही

पाचवी ते आठवीच्या कुठल्याही वर्गाला जूनमध्ये सुरू करून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालवता येईल असा हा प्रकल्प आहे. शाळेच्या आवारात रोज पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. खर्च नगण्य, कारण बहुतेक वस्तू भंगारातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या. उपकरण एका तासिकेत तयार होतं. खरी कसोटी पुढचे चारेक महिने वही खरी ठेवण्याची. त्यामुळे खाली उपकरणाइतकीच जागा वहीला दिली आहे.

साहित्य: कोल्ड्रिंकची दोन लिटरची सरळ अंगाची बाटली, खाद्यतेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा, वायरमन वापरतात ती काळी टेप, एम-सील, चार विटा, नायलॉनची दोरी. मोजण्यासाठी प्रयोगशाळेतली ५०० आणि १०० मिलीची प्लास्टिकची मोजपात्रं. काचेची नकोत. ओल्या हातांतून निसटतात.

आंतरजालावर दिसणारी नेहमीची पद्धत म्हणजे बाटली कापायची, वरचा भाग उलटा बसवायचा आणि बाटलीवर पट्टी चिकटवून उंची वाचायची. आपल्याकडे ती दोन कारणांनी फसते. एक तर या बाटल्यांचा तळ पाच पाकळ्यांचा असतो, त्यामुळे पहिल्या काही सेंटिमीटरची उंची खोटी येते. दुसरं म्हणजे कापलेल्या बाटलीत जेमतेम सव्वा लिटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे १३० मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. म्हणजे ज्या दिवशी आकडा सगळ्यात महत्त्वाचा, त्याच दिवशी बाटली ओसंडून जाणार. म्हणून पाणी कॅनमध्ये साठवायचं आणि बाटलीचं फक्त नरसाळं करायचं.

बांधणी

बाटलीचा खांदा जिथे संपतो आणि सरळ अंग सुरू होतं, त्याच्या पाच सेंटिमीटर खाली कापा. ही पाच सेंटिमीटरची सरळ भिंत महत्त्वाची. उलटं केल्यावर ती वर येते आणि जोराच्या सरीचे थेंब नरसाळ्याच्या उतारावर आपटून बाहेर उडत नाहीत. बाजारातलं स्वयंपाकघरातलं नरसाळं नेमकं इथेच कमी पडतं. कापलेली कडा लवचीक असते, दाबली की लंबगोल होते. तिच्याभोवती काळ्या टेपचे तीन-चार घट्ट वेढे द्या.

आता व्यास मोजा, एकदा आडवा आणि एकदा त्याला काटकोनात. दोन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. सरासरी घ्या. दोन लिटरच्या बाटलीचा व्यास साधारण ११ सेंटिमीटर भरतो. पुढची उदाहरणं तोच धरून आहेत, पण तुमच्या वहीत तुमच्या बाटलीचा आकडा हवा. क्षेत्रफळ ३.१४ × ५.५ × ५.५, म्हणजे ९५ चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्या तोंडातून ९.५ मिली पाणी आत येतं. हा ९.५ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बाटलीचं झाकण काढून तोंड कॅनच्या तोंडात उलटं बसवा. मधली फट ट्यूबच्या पट्टीने भरा आणि वरून टेप मारा. ही फट तशीच राहिली तर नरसाळ्याच्या बाहेरून ओघळणारं पाणीही कॅनमध्ये उतरतं आणि तुमच्या शाळेत शेजारच्या शाळेपेक्षा भरपूर पाऊस ‘पडतो’. सांधा घट्ट झाला की उलटी अडचण येते. आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पाणी नरसाळ्यातच तुंबतं. त्यासाठी कॅनच्या उभ्या बाजूला, अगदी वरच्या भागात, तापवलेल्या दाभणाने एक बारीक भोक पाडा. वरच्या सपाट भागावर पाडलंत तर पाऊस त्यातून शिरेल. दाभण शिक्षकांनी धरायचं, मुलांनी नाही.

दोन्ही कॅनना भोक आणि ट्यूबची पट्टी तयार ठेवा, नरसाळं एकच. रोज भरलेला कॅन काढून रिकामा लावायचा आणि मोजणी वर्गात कोरड्यात करायची. भर पावसात, छत्री सावरत मोजपात्र वाचायला लावलं की मुलं अंदाजाने आकडा सांगतात.

बसवण्याआधी तपासणी: नरसाळ्यातून सावकाश १९० मिली पाणी ओता, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस. कॅन उपडा करून परत मोजा. एक-दोन मिली भिंतींना चिकटून राहतं, ते चालतं. दहा मिली कमी आलं तर कुठेतरी गळती आहे. कॅनच्या शिवणीवर बोट फिरवून पाहा, ओलं लागेल तिथे एम-सील.

जागा

नियम सोपा आहे. जवळचा अडथळा नरसाळ्याच्या कडेपेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर उपकरण ठेवा, जमल्यास चौपट. गच्चीचा कठडा कडेपेक्षा एक मीटर उंच असेल तर दोन मीटर आत. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्या सोसायटीचं नारळाचं झाड, सगळ्यांना हाच हिशोब. मैदानावर ठेवलं तर जमिनीवरचे शिंतोडे उडतात, म्हणून हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाची कडाही जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असते. आपला कॅन आणि नरसाळं मिळून ही उंची सहज होते. मैदानाची खरी अडचण फुटबॉल.

गच्चीवर वाऱ्याचा त्रास. ठाणे-नवी मुंबईतल्या घोडबंदर रोड, ऐरोली, नेरूळ या खाडीकडच्या भागांत सहा-सात मजली इमारतीवर वारा इतका असतो की थेंब कडेवरून आडवे निघून जातात आणि नोंद कमी येते. पर्याय असेल तर खालची गच्ची निवडा, पोर्चच्या वरची चालेल. कॅन चार विटांमध्ये पक्का बसवून दोरीने बांधा. बरेच जण त्याऐवजी कॅन बादलीत उभा करतात. बादलीत पावसाचं पाणी साठतं, हलका कॅन तरंगतो आणि आडवा होतो. बादलीच वापरायची असेल तर तळाला चार भोकं पाडा. नरसाळं तिरकं नाही ना, हे मोबाइलमधल्या लेव्हलने पाहा.

गच्चीची किल्ली कोणाकडे राहील हे मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून लेखी घ्या. मुलांनी एकटं वर जायचं नाही, आणि गडगडाट चालू असेल तर कोणीच जायचं नाही. त्या दिवशी वाचन उशिरा झालं तरी चालेल, खरी वेळ लिहिली म्हणजे झालं.

वेळ

हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतं आणि वाचनाच्या तारखेला नोंदवतं. १५ जुलैला सकाळी वाचलेला आकडा १५ जुलैचा, मग त्यातला बहुतेक पाऊस १४ तारखेच्या दुपारी पडलेला का असेना. सकाळच्या सत्रातल्या शाळांना हे सोयीचं आहे, पहिल्या-दुसऱ्या तासिकेच्या मध्ये दहा मिनिटं पुरतात. दुपारच्या सत्रातल्या वर्गाने साडेबाराला वाचलं तरी बिघडत नाही, मात्र रोज साडेबारालाच वाचायचं आणि आपला रोजचा आकडा हवामान खात्याच्या मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेच्या रोजच्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही. आठवड्याच्या बेरजा ताडा. सकाळच्या सत्रातल्या वर्गाला सोबत घेता आलं तर सर्वांत उत्तम.

वही

रकाने सहा: तारीख, वेळ, मिली, मिलिमीटर, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या, शेरा. शाईचा पेन ओल्या हातांनी पसरतो, म्हणून पेन्सिल. चूक झाली तर खोडायचं नाही. एक रेघ मारून बाजूला नवा आकडा, म्हणजे जुना वाचता येतो. मुलांना हे विचित्र वाटतं कारण बाकी सगळ्या वह्यांत आपण त्यांना खाडाखोड नको म्हणून सांगत असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ शून्याचा. कॅन उघडून पाहिला आणि कोरडा निघाला तर ०. पाहिलाच नाही तर आडवी रेघ. चार थेंब आहेत पण मोजता येत नाहीत, तर ‘थेंब’ असं शेऱ्यात. रेघेच्या जागी शून्य भरणं म्हणजे न पाहिलेला दिवस कोरडा ठरवणं. महिन्याच्या शेवटी ‘पावसाचे दिवस किती’ हे मोजताना ही लबाडी लगेच अंगाशी येते.

रविवारी शाळा बंद. सोमवारचं पाणी दोन दिवसांचं असतं. रविवारसमोर रेघ, सोमवारसमोर पूर्ण आकडा आणि शेऱ्यात ‘२ दिवसांचा’. दोनने भागून दोन्हीकडे अर्धं-अर्धं लिहू नका, तसा पाऊस पडलेला नाही. गणपतीच्या सुट्टीतही हेच. पाच लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ५२५ मिलिमीटर मावतो, त्यामुळे चार-पाच दिवस बहुधा निभावतात. तरी कॅन काठोकाठ भरलेला सापडला तर आकड्यापुढे ‘पेक्षा जास्त’ लिहा.

मोजणीची रीत: पहिल्या मुलाने कॅनमधलं पाणी मोजपात्रात घेऊन, पात्र सपाट बाकावर ठेवून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून वाकलेल्या पृष्ठभागाचा खालचा बिंदू वाचायचा आणि पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतायचं. दुसऱ्याने तेच पाणी पुन्हा मोजायचं, पहिल्याचा आकडा न ऐकता. फरक पाच मिलीपेक्षा जास्त असेल तर तिसऱ्यांदा. दोघांचं होईपर्यंत पाणी फेकायचं नाही. एकदा मोरीत गेलेलं पाणी परत मोजता येत नाही, आणि घाईत नेमकं हेच होतं.

उदाहरण: ४२७ मिली भरलं. ४२७ ÷ ९.५ = ४४.९ मिलिमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ ज्या इयत्तेला अजून शिकवलेलं नाही, तिथे ९.५ तयार द्या आणि भागाकार करून घ्या.

साठ मुलांचा वर्ग असेल तर चौघांचा एक गट, एका गटाला एक आठवडा. १५ जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत साधारण पंधरा आठवडे होतात, म्हणजे प्रत्येकाची पाळी येते. दोघं मोजणारे, एक लिहिणारा, एक कॅन धुऊन लावणारा. कॅन रोज रिकामा झालाच पाहिजे. साठलेल्या पाण्यात डास होतात आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला येणारे महापालिकेचे कर्मचारी प्रकल्प वगैरे ऐकून घेत नाहीत. कॅन हिरवा दिसू लागला की आत मूठभर जाडी वाळू आणि पाणी घालून खळखळवा.

शिक्षकांनाही पर्यायी नाव हवं. प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण यांत वर्गशिक्षक कधी ओढले जातील सांगता येत नाही. शिपाईमामांना किंवा शेजारच्या वर्गाच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात एकदा सगळं करून दाखवा. आणि वही शाळेच्या नावाने ठेवा. कंत्राट संपलं किंवा बदली झाली तरी ती कपाटात राहिली पाहिजे, कारण एका वर्षाच्या नोंदीपेक्षा सलग तीन वर्षांच्या नोंदीतून कितीतरी जास्त शिकवता येतं.

आकड्यांचं काय करायचं

जुलैअखेर पुरेसे आकडे जमतात. आठवड्यांचा स्तंभालेख, महिन्याची सरासरी, सर्वांत जास्त पावसाचा दिवस, सलग कोरडे दिवस, एवढं गणितात. भूगोलासाठी एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे पकडा. शाळेची गच्ची पावलांनी किंवा टेपने मोजून घ्या. ४०० चौरस मीटर असेल तर वरच्या ४४.९ मिलिमीटरच्या दिवशी तिच्यावर जवळपास १८,००० लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेदोन टँकर. ते कुठे गेलं, हे मुलांना पन्हळीपासून गटारापर्यंत चालत शोधायला लावा. नवी मुंबईत पुढचा दुवा धारण तलावांचा. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये आणि शहराचं पाणी तात्पुरतं साठावं म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ते नियोजनातच ठेवले. शेरा रकान्यात भरतीची वेळ लिहायला सुरुवात केली की रस्त्यावर पाणी कधी तुंबतं आणि कधी नाही, याचा अर्थ लागतो.

दोन शाळांनी मिळून केलं तर जास्त रंगतं. येऊरच्या पायथ्याची एक आणि कळव्याकडची एक, किंवा पारसिकच्या डोंगराकडची एक आणि वाशीची एक. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत विषय काढा, जोडीदार मिळतो. अटी दोनच: वेळ एकच आणि देवाणघेवाण मिलिमीटरमध्ये, मिलीमध्ये नाही, कारण नरसाळ्यांची तोंडं वेगळी. आकडे जुळले नाहीत म्हणून कोणाचं चुकलं असं लगेच समजू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. (त्या दिवशी आपला कॅनही पुरला नसता, जवळपास नऊ लिटर पाणी झालं असतं.) मात्र एका शाळेचा आकडा रोजच, सारख्याच प्रमाणात कमी येत असेल तर तो पाऊस नाही. तिथे व्यास पुन्हा मोजा, नाहीतर गळती शोधा.

आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचे गुण देताना सजवलेल्या तक्त्याला कमी आणि वहीला जास्त वजन द्या. तक्ते स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळतात. मुलाला वहीतलं कुठलंही एक पान उघडून विचारा: इथे रेघ का आहे, या दिवशी दोन सह्यांचे आकडे वेगळे का होते, शेऱ्यात ‘पेक्षा जास्त’ का लिहिलंय. ज्याने मोजलंय तो पटकन सांगतो.

सप्टेंबर संपला म्हणून उपकरण काढू नका. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि एका तासात आठवड्याचा हिशोब बदलून टाकतो. दिवाळीच्या सुट्टीआधी कॅन धुऊन, सुकवून, उपडे ठेवा. नरसाळं कपाटात, उन्हापासून दूर. बाटलीचं प्लास्टिक तापून आकार सोडतं, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये व्यास नव्याने मोजा आणि ९.५ बदलला असेल तर नव्या वहीच्या पहिल्या पानावर नवा आकडा लिहा.