बाहेरच्या वाचकाला महाविद्यालयीन ग्रंथालयात प्रवेश: माझा अनुभव

गिरणगावातील चाळींविषयीचा, आता छापला जात नसलेला एक संदर्भग्रंथ मला हवा होता. तो दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असल्याचे त्यांच्या ऑनलाइन सूचीवरून कळले, म्हणून मी थेट तेथे गेलो. परंतु ओळखपत्र नसल्याने सुरक्षारक्षकाने मला फाटकावरूनच परत पाठवले. त्याचे काही चुकले नव्हते, कारण महाविद्यालयाचे ग्रंथालय हे मुळात सार्वजनिक वाचनालय नसते.

दुसऱ्या खेपेस मी आधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, म्हणजे 1898 पासून चालू असलेल्या आपल्या हक्काच्या ठिकाणी, चौकशी केली. तेथे ते पुस्तक मिळाले नाही, तेव्हा मी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांच्या नावे एकपानी अर्ज लिहिला. ‘संशोधनासाठी प्रवेश मिळावा’ असे मोघम न लिहिता ग्रंथाचे नाव, सूचीतील वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) व दाखल क्रमांक (त्या प्रतीचा ग्रंथालयातील नोंद क्रमांक), हवी असलेली तीन प्रकरणे आणि यायच्या दोन तारखा मी त्यात नमूद केल्या; पुस्तक घरी नेणार नाही, हेही स्पष्ट केले. सोबत आधार कार्डाची प्रत जोडली. तारखा मुद्दाम परीक्षा संपल्यानंतरच्या निवडल्या होत्या, कारण परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षात विद्यार्थ्यांनाच जागा पुरत नाही.

चौथ्या दिवशी होकार आला. पिशवी दाराशी ठेवून, नोंदवहीत सही करून मी पंख्याखालच्या टेबलाशी बसलो, आणि कर्मचाऱ्याने तो ग्रंथ, पाठीवरची धूळ फडक्याने पुसत, माझ्यापुढे आणून ठेवला.