एक विहीर, वर्षभर: भूजल मोजायला शिकताना

हवामानबदलाचा भूजलावर काय परिणाम होतो हे शिकायचं असेल, तर संगणकावरच्या मॉडेलपासून सुरुवात करू नका. एक विहीर निवडा आणि तिची पातळी वर्षभर स्वतः मोजा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि कुजलेल्या (झिजून ठिसूळ झालेल्या) थरात राहतं, म्हणून बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींची पातळीही जुळत नाही. विहीर ओळखीची नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

विहीर शक्यतो उपसा नसलेली, पण गाळाने न बुजलेली घ्या. जवळ कालवा किंवा पाझर तलाव नको. नाहीतर तुम्ही पावसाऐवजी कालव्याचं पाणी मोजत बसाल. विहिरीत उतरू नका, आत विषारी वायू साचलेला असू शकतो. आतले थर पाहायला हातात आरसा धरून उन्हाचा कवडसा भिंतीवर फिरवा. काळी माती कुठे संपते, मुरूम कुठवर आहे, खाली मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक) लागला की काळा पाषाण, मधे तांबडा पट्टा आहे का, हे खोलीसह वहीत उतरवा. उन्हाळ्यातही जिथे शेवाळ किंवा नेचे हिरवे दिसतात, तिथून पाझर असण्याची शक्यता मोठी. ही नोंद पुढे फार कामाला येते: पातळी मुरुमाच्या खाली गेली की त्यानंतर ती घसरण्याचा वेग का बदलतो, ते इथेच कळतं.

आता मोजणी. कठड्यावर ऑइलपेंटने एक बाण काढा. वर्षभर मोजायचं ते त्याच बाणापासून. बाणाची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा, समजा ०.७५ मीटर. स्टीलच्या टेपचा शेवटचा एक मीटर कोरडा करून खडूने रंगवा, टोकाला छोटं वजन बांधा आणि टेप सावकाश सोडा. खडूचा भाग पाण्यात गेला की बाणाजवळ पूर्ण मीटरचा आकडा धरा, समजा १०.००. टेप वर ओढल्यावर खडू ०.६८ पर्यंत भिजलेला दिसला, तर पाणी बाणापासून ९.३२ मीटरवर आहे. त्यातून कठड्याचे ०.७५ वजा केले की जमिनीपासून खोली ८.५७ मीटर. टेप पुसून पुन्हा मोजा. दोन्ही वाचनांत १ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा. भिंतीवरून ठिबकणारं पाणी खडू भिजवतं, बहुतेक चुका तिथेच होतात.

जवळचा पंप चालू असेल तर वाचन फसवं येतं. पंप कधी बंद झाला ते विचारा आणि पातळी स्थिर होईपर्यंत दर दहा मिनिटांनी मोजा. बेसाल्टमधल्या काही विहिरी भरून यायला अख्खी रात्र घेतात. पहाटेची वेळ चांगली. मात्र शेतीची वीज रात्रपाळीत असेल तर पहाटही उपयोगाची नाही. आठवड्यातून एकदा मोजा, जून-जुलैत रोज. सोबत पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठलाच घ्या, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी ती जुळवता येईल.

पावसाळ्यात पातळी ५ मीटर वर आली म्हणजे जमिनीत ५ मीटर पाणी साठलं, असं नव्हे. कुजलेल्या बेसाल्टमधून निघू शकणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे एका हेक्टरखाली १०,००० × ५ × ०.०२ = १,००० घनमीटर, अर्थात १० लाख लिटर. टक्केवारी ३ धरली की हेच उत्तर दीडपट होतं. म्हणून कोणता थर भिजला ते माहीत हवं, आणि आरशाने केलेली नोंद इथे हाताशी येते.

एका वर्षाच्या नोंदीवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. हवामानाची सरासरी ३० वर्षांची धरतात. पाऊस तेवढाच पडूनही पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर आधी परिसरात नव्या बोअर किती झाल्या ते मोजा, कारण उपसाही वाढलेला असू शकतो.

स्वयंचलित लॉगर (पाण्यात सोडलेलं, दाबावरून पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) बसवलात, तर तो हवेचा दाबही मोजतो का ते पाहा. साध्या लॉगरमध्ये हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने उतरला, की विहिरीची पातळी हललेली नसतानाही पाणी सुमारे १० सेंटीमीटर खाली गेल्यासारखं दिसतं.

आणि विहीर आटली तर रकान्यात शून्य लिहू नका. शून्याचा अर्थ पाणी वर जमिनीच्या पातळीपर्यंत आलं असा होतो. ‘कोरडी’ लिहा आणि शेजारी तळाची खोली टाका. मोजणी चुकली असेल तर रकाना रिकामा ठेवून कारण लिहा, अंदाजाने भरू नका.